‘गो’चे 68 अर्थ पाठ आहेत, तरी अडते

पत्र थोडक्यात: 43 वर्षांच्या एका ताईंचं हे पत्र आहे. शिक्षण मराठीतून झालं, मधली बारा वर्षं घर सांभाळलं, आणि आता दोन वर्षांपासून त्या एका मोठ्या शीतगोदामाच्या ऑफिसात शिफ्टचं काम बघतात. सहकारी वेगवेगळ्या भाषांचे, त्यामुळे बोलणं-लिहिणं इंग्रजीतच. एका रात्री त्यांना निरोप आला, ‘द अलार्म वेंट ऑफ ॲट टू.’ ताईंनी अर्थ लावला की दोन वाजता अलार्म बंद पडला. त्यांनी उलट उत्तर पाठवलं, ‘ओके, प्लीज स्विच इट ऑन अगेन.’ खरं तर अलार्म वाजला होता, आतलं तापमान वाढत होतं आणि पलीकडचा माणूस आता काय करू, असं विचारत होता. वीस मिनिटांनी फोनवर उलगडा झाला, माल वाचला. पण दुसऱ्या दिवशी तो निरोप चार जणांनी एकमेकांना दाखवला आणि ते ताईंनी पाहिलं. त्यानंतर त्यांनी शब्दकोशातून ‘गो’चे 68 अर्थ वहीत उतरवून पाठ केले. बोलायची वेळ आली की एकही आठवत नाही. शेवटी त्यांनी ‘गो’ वापरणंच सोडलं. आता त्या ‘प्रोसीड’, ‘डिपार्ट’, ‘अटेंड’, ‘बिकम’ असे शब्द लिहितात, आणि मॅनेजर म्हणतात की तुमच्या मेल नोटिशीसारख्या वाटतात. ताई विचारतात, ‘तीस दिवसांत पाचशे फ्रेझल व्हर्ब, म्हणजे ‘गो ऑफ’सारखी जोडीची क्रियापदं, शिकवणारा क्लास लावू, की या जड शब्दांवरच भागवू? की या वयात आता हे जमायचं नाही, असं धरून चालू? पहिलीतल्या मुलांना येणारा शब्द मला येत नाही, याची फार लाज वाटते.’

प्रिय ताई,

आधी त्या रात्रीबद्दल बोलू. ‘वेंट ऑफ’ वाचून अलार्म बंद पडला असं वाटलं, यात तुमची विचार करण्याची पद्धत मला नीट दिसते. ‘ऑफ’ तुम्हाला माहीत होतं. दिव्याचं बटण ऑफ केलं की दिवा विझतो, मशीन ऑफ केलं की ते थांबतं. त्यावरून तुम्ही अर्थ काढलात आणि दिव्यांच्या बाबतीत तो तंतोतंत बरोबर ठरला असता, कारण ‘द लाइट्स वेंट ऑफ’ म्हणजे दिवे गेले. त्याच दोन शब्दांनी दिवा विझतो आणि अलार्म ठणाणा वाजतो. ज्यांचा जन्म इंग्रजीत गेला त्यांनाही हा विरोधाभास कुणी बोट ठेवून दाखवल्याशिवाय जाणवत नाही. चार जणांनी तुमचा निरोप एकमेकांना दाखवला हे मला आवडलं नाही. त्या चौघांपैकी एकालाही ‘ऑफ’चं हे कोडं उलगडून सांगता आलं असतं का, याची मला शंका आहे.

आता तुमच्या पत्रातलं एक वाक्य मला बाजूला काढून ठेवायचंय: ‘पहिलीतल्या मुलांना येणारा शब्द.’ सगळी गाठ इथेच बसलीय, असं मला वाटतं. शब्द लहान म्हणजे सोपा, असं आपण धरून चालतो. भाषेत बहुतेक वेळा उलटं असतं. ‘रेफ्रिजरेशन’ हा शब्द तुम्ही एकदा शिकलात आणि तो कायमचा तुमचा झाला, कारण त्याला एकच काम आहे. ‘गो’ला हजार कामं आहेत. इंग्रजीत सर्वांत जास्त वापरल्या जाणाऱ्या पहिल्या काही क्रियापदांत तो आहे आणि जो शब्द जास्त हातांतून फिरतो त्याचे अर्थही जास्त पसरतात. इंग्रजीत स्वतःचा पूर्ण अर्थ असलेला शब्द बहुधा निदान तीन अक्षरांचा असतो. दोन अक्षरांवर भागवणारे ‘बी’, ‘डू’, ‘गो’ असे थोडेच आहेत आणि तेच शिकणाऱ्याला सर्वांत जास्त दमवतात. पहिलीतल्या मुलाला ‘गो’ येतो म्हणजे त्याला ‘आय गो टू स्कूल’ येतं. तेवढं तुम्हालाही येतं. इंग्रजी घरात वाढणारी लहान मुलं तर बराच काळ ‘वेंट’च्या जागी ‘गोड’ म्हणत राहतात, ‘गो’ला नेहमीसारखा ‘एड’ लावून.

मग 68 अर्थांचं काय? हा आकडा तुम्ही वापरलेल्या कोशाचा आहे. दुसरा कोश उघडलात तर तीस मिळतील, तिसऱ्यात शंभरावर जातील. अर्थ कुठे तोडायचा आणि कुठे जोडायचा, हे कोशकार ठरवतो. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या संपादकांनी ‘रन’ या क्रियापदाचे 645 अर्थ नोंदवल्याचं 2011 साली गाजलं होतं. ते सगळे पाठ असलेला इंग्रज मला तरी भेटलेला नाही, आणि तरी सगळे इंग्रज ‘रन’ बिनचूक वापरतात. म्हणजे हा शब्द डोक्यात राहतो तो यादीच्या रूपाने राहत नसणार. तुम्ही मन लावून पाठांतर केलंत, कष्टात कुठेच कमी पडला नाहीत. फक्त जी वस्तू यादीत मावत नाही ती यादीत बसवायला घेतलीत.

हे पटावं म्हणून मराठीकडे वळू या. खालची वाक्यं मनातल्या मनात म्हणून बघा. लाइट गेली. वेळ गेला. तोल गेला. काचेला तडा गेला. मेहनत वाया गेली. नाव विसरून गेले. प्रकरण विकोपाला गेलं. संकटाला सामोरी गेले. असं म्हटलं जातं. आणि दोनच शब्द: आजी गेली.

यातलं एकही ‘जाणं’ पायांनी चालत जाणारं नाही. शेवटचं वाक्य म्हटलं तर फार कठीण आहे, कारण ‘आजी गेली’ आणि ‘आजी फिरायला गेली’ यांच्यामध्ये एकाच शब्दाचं अंतर आहे, आणि तरी ऐकणाऱ्याच्या पोटात गोळा कुठे येतो आणि कुठे येत नाही, यात आपली कधी गफलत होत नाही. ‘जाणे’चे अर्थ तुम्ही कधी पाठ केलेत? कुणीच केले नाहीत. प्रत्येक ‘गेला’ आपण त्याच्या शेजाऱ्यासकट ऐकला. ‘तडा’ ऐकला तेव्हा त्याच्यामागून ‘गेला’ आला, ‘वाया’ ऐकलं तेव्हाही आला. शब्द जोडीने आले आणि जोडीनेच राहिले. तुमच्या वहीत ‘गो’ एकटा उभा आहे. त्याच्यापुढे मराठी अर्थांची रांग आहे, पण त्याचे शेजारी कुठेच नाहीत.

आणखी एक साम्य सांगते, ते मला फार आवडतं. ‘गो’चा भूतकाळ ‘वेंट’ कसा, हा प्रश्न प्रत्येक शिकणाऱ्याला पडतो. ‘वेंट’ मुळात ‘गो’चा नव्हताच. ‘वेंड’ नावाचं वेगळं क्रियापद होतं, वळणं घेत जाणे अशा अर्थाचं, आणि ‘वेंट’ हा त्याचा भूतकाळ. ‘गो’चा जुना भूतकाळ मागे पडला आणि पंधराव्या शतकाच्या सुमारास ‘वेंट’ त्या जागी बसला. अगदी हेच आपल्याकडे आहे. ‘जाणे’ आलं संस्कृत ‘या’ धातूपासून आणि ‘गेला’ आला ‘गम्’च्या ‘गत’पासून. दोन वेगळ्या घरांतले शब्द एकाच क्रियापदात नांदतायत, आणि ‘जातो’चा भूतकाळ ‘गेला’ कसा, असा प्रश्न आपल्याला आयुष्यात कधी पडला नाही. सतत वापरातल्या क्रियापदांना अशी जोडणी झेपते. क्वचित वापरला जाणारा शब्द असा वेडावाकडा राहिला असता तर लोकांनी कधीच सरळ केला असता.

म्हणजे मूळ दृष्टी तुमच्याकडे आहे. आता ‘गो’ कसा चालतो ते बघू, कारण त्यात एक धागा आहे आणि तो हाती लागला की पाठांतराचं ओझं बरंच हलकं होतं. ‘गो’मध्ये ‘इथून दूर’ असा भाव आहे. ‘इथे’ म्हणजे बोलणारा उभा आहे ती जागा. पण माणूस फक्त जमिनीवर उभा नसतो, नेहमीच्या स्थितीतही उभा असतो. डोकं ताळ्यावर आहे, केस काळे आहेत, दूध ताजं आहे, मशीन चालू आहे, ही सगळी ‘इथे’च आहे. त्या नेहमीच्या जागेवरून वस्तू निसटली की इंग्रजी ‘गो’ वापरतं: गो मॅड, गो ग्रे, गो बॉल्ड, गो ब्लाइंड, गो बॅड, गो राँग, गो मिसिंग. परत जागेवर आली, किंवा जिथे असायला हवी तिथे पोचली, की बहुधा ‘कम’: स्वप्न ‘कम ट्रू’ होतं, माणूस ‘कम्स टू हिज सेन्सेस’, म्हणजे भानावर येतो. ईव्ह क्लार्क या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी 1974 साली ‘लँग्वेज’ या नियतकालिकात यावर एक सुंदर लेख लिहिला होता. त्यांचं एक उदाहरण रुग्णाच्या अंगातल्या तापमानाचं आहे. ‘द टेंपरेचर केम डाउन’ म्हटलं तर ताप होता, तो उतरून नेहमीवर आला. ‘वेंट डाउन’ म्हटलं तर ते नेहमीच्याही खाली घसरलं असावं, असं वाटायला जागा राहते. अंश तेवढेच कमी झालेले असतील, पण बोलणाऱ्याने आपली जागा कुठे धरलीय ते क्रियापद सांगून टाकतं. रोजच्या बोलण्यात लोक हे इतकं काटेकोर पाळत नाहीत, तरी कल सापडतो.

मराठी कान हा कल पटकन ओळखतात. शुद्ध जाते, शुद्धीवर येतो. कारभार रसातळाला जातो, रुळावर येतो. मेहनत वाया जाते, फळाला येते. हे मी कुणाला शिकवायला गेले की समोरचे आपापल्या चार जोड्या लगेच ऐकवतात. मात्र दोन्ही भाषांची गणितं शंभर टक्के जुळत नाहीत, तेही सांगून ठेवते. आपण रडकुंडीला ‘येतो’, धंदा डबघाईला ‘येतो’; इंग्रजीत धंदा ‘गोज बँकरप्ट’. आणि इंग्रजीतही ‘गो लाइव्ह’, ‘गो फ्री’ असे चांगले ‘गो’ आहेत, ‘कम अनडन’सारखे वाईट ‘कम’ आहेत. तिथेही निसटण्याचा किंवा सुटण्याचा भाव शोधलात तर बहुधा सापडेल. म्हातारं होणं मात्र ‘गो ओल्ड’ होत नाही, ‘ग्रो ओल्ड’ होतं. थकणं ‘गेट टायर्ड’ आणि आजारी पडणं ‘फॉल इल’. याला कारण विचारू नका, जोडी म्हणूनच लक्षात ठेवा.

आता परत त्या अलार्मकडे. ‘ऑफ’चा जुना अर्थ ‘पासून सुटून, अलग होऊन’. दिवे ‘गो ऑफ’ होतात तेव्हा ते विजेपासून सुटतात. दूध ‘गोज ऑफ’ तेव्हा ते चांगल्या स्थितीतून सुटतं, म्हणजे नासतं. एखादा माणूस नकोसा होऊ लागला तर ‘आय हॅव गॉन ऑफ हिम’, त्याच्यावरून मन सुटलं. आणि बंदूक, बाँब, गजर ही सगळी ताणून, भरून, लावून ठेवलेली साधनं. त्यांची कळ सुटली की बार होतो, आवाज होतो. गोळी ‘सुटते’ असं आपण म्हणतोच. मी तरी हे चित्र असं डोळ्यांपुढे धरते: जी वस्तू चालू राहावी म्हणून ठेवली आहे ती ‘ऑफ’ गेली तर थांबते, जी वेळ येईपर्यंत दबा धरून बसली आहे ती ‘ऑफ’ गेली तर उसळते. म्हणून निर्णय ‘गो’वर नसतो, ‘ऑफ’वरही नसतो, वाक्याच्या कर्त्यावर असतो. पुढच्या वेळी ‘वेंट ऑफ’ वाचलंत की नजर आधी डावीकडे न्या. काय गेलं ऑफ? दिवा की अलार्म?

‘येणे’ आणि ‘जाणे’ यांच्याबाबतीत तुमचं आणखी एक भांडवल आहे. चार्ल्स फिलमोर या भाषाशास्त्रज्ञांनी 1971 साली कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझमध्ये काही व्याख्यानं दिली, त्यातलं एक फक्त ‘कमिंग अँड गोइंग’वर होतं. इंग्रजीत ‘कम’ फक्त बोलणाऱ्याकडे येण्यासाठी नाही, ऐकणाऱ्याकडे जाण्यासाठीही आहे, हा त्यातला एक मुद्दा. कुणी हाक मारली तर इंग्रजीत ‘आय ॲम कमिंग’. स्पॅनिश माणूस तिथे ‘जातो’ अशा अर्थाचं ‘वोय’ म्हणतो, म्हणून त्याला इंग्रजी शिकताना ही सवय मोडावी लागते. तुम्हाला काही मोडायचं नाही. आपण ‘आले, आले!’ असंच ओरडतो. ‘उद्या तुझ्याकडे येते’ हे जसं, तसंच ‘आय विल कम टू यू टुमॉरो’.

फक्त एका ठिकाणी सांभाळा. निघताना आपण ‘येते हं’ म्हणतो. तेच इंग्रजीत नेलं आणि दाराशी उभं राहून ‘ओके, आय विल कम’ म्हटलं, की समोरचा विचारात पडतो, आता ही कुठे येणार? माझ्या वर्गातल्या एक काकू पहिले दोन महिने हेच म्हणत निघायच्या. एकदा बरोबरच्या परदेशी शिक्षिकेने त्यांच्यासाठी खुर्ची ओढून दिली, आणि काकू पर्स काखेला लावून तशाच बसल्या. दोघींनाही कळेना की आता उठायचं कसं. इंग्रजीत निघताना ‘आय ॲम ऑफ’ किंवा ‘आय शुड गेट गोइंग’ म्हणतात. इथे ‘ऑफ’ पुन्हा आला बघा, जागेवरून सुटून.

तुमच्या पत्रात आणखी एक वाक्य होतं, ‘अवर डायरेक्टर हॅज गॉन टू लंडन थ्री टाइम्स.’ इथे मराठी तुमच्या फार कामाला येईल. ‘ते लंडनला गेलेत’ आणि ‘ते लंडनला जाऊन आलेत’ हा फरक आपण रोज करतो. ‘गेलेत’ला ‘हॅज गॉन’, ‘जाऊन आलेत’ला ‘हॅज बीन’. साहेब आत्ता इथे नसतील तर गॉन, गेले-आले असतील तर बीन. तीनदा गेले तर मधे दोनदा तरी परत आलेच, म्हणून ‘हॅज बीन टू लंडन थ्री टाइम्स’. ‘असणे’चं रूप जाण्याच्या कामाला का जुंपलं, असं वाटेल, स्पॅनिशमध्ये तर ‘मी गेलो’ आणि ‘मी होतो’ या दोन्हींसाठी ‘फुई’ हा एकच शब्द आहे. जाऊन येणं आणि तिथे असणं माणसांना जवळजवळचं वाटत आलंय.

‘गोइंग टू’बद्दल थोडक्यात. ‘आय ॲम गोइंग टू कॉल हिम’ यात कुणी कुठे जात नाही, हे आपलं ‘करणार आहे’. सुरुवातीला खरंच कुणी काही करायला निघालेलं असायचं. पंधराव्या शतकाच्या अखेरीपासून नुसत्या भविष्यासाठीही हा प्रयोग लिखाणात दिसू लागतो. अर्थ किती दूर गेला याची एक खूण आहे: बोलताना लोक ‘आय ॲम गॉना कॉल हिम’ म्हणतात, पण ‘आय ॲम गॉना द ऑफिस’ असं कुणी म्हणत नाही. पाय चालत असतील तर ‘गोइंग टू’ पूर्ण म्हणावं लागतं, नुसता इरादा असेल तरच तो आखडतो. तुम्ही ‘गॉना’ ऐकून ओळखा, कामाच्या मेलमध्ये लिहू नका.

बाकीचे शेजारी भराभर सांगते. ‘गो होम’, ‘गो देअर’, ‘गो अब्रॉड’ यांत मधे ‘टू’ नको, ‘आय वेंट टू होम’ हे कानाला खटकतं. पोहायला, फिरायला, मासे पकडायला जाणं म्हणजे ‘गो स्विमिंग’, ‘गो वॉकिंग’, ‘गो फिशिंग’, तिथेही ‘टू’ नाही. ‘अभ्यास करायला जाणं’ मात्र ‘गो स्टडीइंग’ होत नाही. ही रचना बहुधा हिंडण्या-फिरण्याच्या, मोकळ्या कामांना चिकटते. ‘डोंट गो टेलिंग एव्हरीवन’ म्हणजे ‘सगळ्यांना सांगत सुटू नकोस’. ‘इट वेंट अननोटिस्ड’, म्हणजे कुणाच्या लक्षात न येता गेलं. ‘इट गोज विदाउट सेइंग’ म्हणजे ‘वेगळं सांगायला नको’, आणि तो फ्रेंचमधून उचललेला आहे. ‘हॅव अ गो’ म्हणजे करून बघ. हे आत्ता पाठ करू नका. भेटतील तेव्हा ओळख निघेल, म्हणून नावं सांगितली.

आता तुमच्या तीन प्रश्नांकडे येते.

क्लास लावू नका, असं मी म्हणेन. तीस दिवसांत पाचशे म्हणजे दिवसाला सोळा-सतरा. तुम्ही 68 पाठ करून बघितलेत आणि वेळेवर एकही आठवला नाही. पाचशेंचं वेगळं काय होणार? पैसे खर्चच करायचे असतील तर जिथे माणसं समोरासमोर बोलतात आणि तुमचं वाक्य तिथल्या तिथे दुरुस्त होतं अशा ठिकाणी करा.

जड शब्दांबद्दल माझं मत अर्धं-अर्धं आहे. ‘काइंडली प्रोसीड’ लिहिण्याऐवजी ‘प्लीज गो अहेड’ लिहा, ‘आय अटेंडेड द मीटिंग’ मात्र चांगलं आणि नेमकं आहे, ते बदलू नका. ‘द मिल्क बिकेम बॅड’ समजतं, पण ‘वेंट बॅड’ सहज वाटतं. आणि जिथे चूक झाली तर माल खराब होईल किंवा कुणाला इजा होईल, तिथे ‘गो ऑफ’ मुळीच वापरू नका. ‘द अलार्म रँग ॲट टू’, ‘द अलार्म स्टॉप्ड ॲट टू’ असं लिहा. तुमच्या गोदामात वेगवेगळ्या भाषांची माणसं आहेत, म्हणजे त्या रात्री तुम्ही जशा अडलात तसं उद्या दुसरं कुणी अडेल. अलार्मच्या निरोपांसाठी ‘रँग’ आणि ‘स्टॉप्ड’ हेच दोन शब्द ठरवून घेऊ या, असं मॅनेजरना तुम्हीच सुचवा. ज्याला तो प्रसंग प्रत्यक्ष माहीत आहे त्याने सुचवलं तर त्याला वजन येतं.

आणि समजलं नाही तर विचारा, पण ‘व्हॉट?’ म्हणून सोडू नका, कारण समोरचा तेच वाक्य पुन्हा मोठ्याने म्हणेल. दोन पर्याय पुढे ठेवा: ‘डू यू मीन इट रँग, ऑर इट स्टॉप्ड?’ त्यात अडाणीपणा दिसत नाही, काळजी दिसते. रात्रपाळीच्या माणसाला अशीच माणसं फोनच्या पलीकडे हवी असतात.

वयाचं म्हणाल, तर मी शिकवते त्यांतले बरेचजण तुमच्याहून मोठे आहेत. मोठ्या माणसाला नवी जोडी रुजायला जास्त वेळा ऐकावी लागते, एवढं माझ्या पाहण्यात आहे. पण त्याच्याकडे एक पूर्ण वापरात असलेली भाषा असते आणि तिच्याशी ताडून बघता येतं. ‘गेलेत’ आणि ‘जाऊन आलेत’ यांतला फरक पहिलीतल्या मुलाला समजावून सांगता येणार नाही. तुम्हाला तो वाचताक्षणी कळला असेल.

मराठी माध्यमाचा उल्लेख तुम्ही पत्रात तीनदा केलाय, तिन्ही वेळा कमीपणाच्या सुरात. वर मी जेवढं सांगितलं त्यातलं निम्मं तुम्हाला मराठीमुळेच समजलंय, एवढं बघा.

राहिली वही. जुनी फेकू नका, बाजूला ठेवा. नवी घ्या आणि तिच्यात अर्थ लिहू नका, वाक्यं लिहा. तीही पुस्तकातली नकोत, त्या दिवशी ऑफिसात कानावर पडलेली किंवा मेलमध्ये आलेली. दिवसाला एकच. वाक्य जसंच्या तसं लिहायचं, ‘गो’च्या पुढच्या शब्दाखाली रेघ मारायची, कर्त्याभोवती गोल करायचा. त्याखाली तेच तुम्ही घरी मराठीत कसं म्हणाल ते लिहायचं. कोशातलं मराठी नको, बोलण्यातलं हवं. ‘इट इज नॉट गोइंग वेल’च्या खाली ‘ते नीट चालत नाही’ असं न लिहिता ‘काही खरं नाही’ असं सुचलं तर तेच लिहा. आठवड्यातून एकदा इंग्रजी झाकायचं, मराठी वाचायचं आणि इंग्रजी मोठ्याने म्हणायचं. मनात म्हटलेलं तोंडाला येत नाही, म्हणून मोठ्याने. ज्या दिवशी एकही ‘गो’ कानावर पडला नाही, त्या दिवशी पान कोरं सोडा. पण तसा दिवस तुम्हाला सहसा मिळणार नाही.

पहिल्या पानावर काय लिहायचं ते मीच सांगते. ‘द अलार्म वेंट ऑफ ॲट टू.’ ‘ऑफ’खाली रेघ, ‘अलार्म’भोवती गोल. त्याखाली, ‘दोनला अलार्म वाजला, आता काय करू?’ आणि कोपऱ्यात त्या रात्रीची तारीख.

तुमची,
सदर लिहिणारी